सासूबाईंच्या वहीतला केक, एअर फ्रायरमध्ये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर बदलताना तुम्ही जुना ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा ओव्हन, नणंदेला दिला. कोथरूडच्या नव्या फ्लॅटमध्ये ओटा लहान, म्हणून साडेचार लिटरचा टोपलीवाला एअर फ्रायर घेतला. सासूबाईंच्या वहीत केक, नानकटाई आणि मॅकरोनीची बेक्ड डिश आहे आणि त्यांच्या पंचाहत्तरीला तुम्हाला हे तिन्ही त्यांच्याच पद्धतीनं करायचं आहे. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय की ओव्हनच्या कृतीत तापमान १५ अंशांनी कमी करा आणि वेळ पावपट कमी करा. तुम्ही तेच केलं. बटाट्याच्या फोडी सुंदर झाल्या. केक मात्र वरून काळा आणि आत कच्चा, नानकटाई वरून लाल आणि बुडाशी पांढरी, बेक्ड डिश कोरडी ठाक. तुम्ही विचारलंय, ‘नियम एकच, मग एक जमतं आणि तीन बिघडतात, असं का?’

गेली २२ वर्षं मी सदाशिव पेठेत घरीच बेकिंगचे वर्ग घेते आणि अलीकडे दर तुकडीत निम्म्याजणींकडे फक्त एअर फ्रायर असतो. त्यामुळे हे सगळं माझ्या ओट्यावर अनेकदा घडून गेलंय. तुमचं काही चुकलेलं नाही. पुस्तिकेतला नियम खरा आहे, पण तो कमी जाडीच्या पदार्थांचा आहे. जाड पदार्थांना तो लावला की हमखास फसगत होते. तापमान किती उतरवायचं हे पदार्थाच्या जाडीवर ठरतं.

हे नीट कळायला मशीनच्या आत काय चालतं ते बघावं लागेल. ओटीजीमध्ये वर आणि खाली सळ्या असतात, मधली हवा बरीचशी स्थिर असते. डबा दोन्ही बाजूंनी हळूहळू तापतो. एअर फ्रायरमध्ये कॉइल फक्त वर आणि तिच्यावर पंखा. पंखा ती तापलेली हवा जोरानं खाली ढकलतो, ती कडेनं टोपलीच्या जाळीखाली जाते आणि परत वर खेचली जाते. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा ‘फ्रायर’ हे नाव दिलं, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात तळण बसलं. प्रत्यक्षात तो एक छोटा, वाऱ्याचा ओव्हन आहे.

आता वाऱ्याचं काम काय? दोरीवरचे कपडे आठवा. तेवढंच ऊन असलं तरी वारा असला की कपडे लवकर वाळतात. पदार्थाच्या अंगाशी दमट, जरा थंड हवेचा पातळ थर चिकटून असतो. वारा तो उडवून लावतो. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं आणि १४० च्या पुढे रंग धरायला लागतो, खरपूस वास सुटतो. एअर फ्रायर हा टप्पा फार लवकर गाठतो. म्हणून फोडी कुरकुरीत होतात.

पण पंख्याची सत्ता पृष्ठभागापुरतीच. आतल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचते ती पिठातून, कणाकणानं, तिच्या स्वतःच्या चालीनं. तिथे वारा शिरू शकत नाही. आणि ही चाल फार मंद असते: जाडी दुप्पट झाली की गाभा तापायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या फोडीत साल आणि गाभा जवळपास बरोबरीनं तयार होतात, तर पाच सेंटिमीटरच्या केकमध्ये साल जळायला आली तरी गाभा अजून कोमटच असतो. तुमच्या केकचं नेमकं हेच झालंय. त्यात तुम्ही वेळही पावपट कापली, म्हणजे गाभ्याला हवी होती तीच मिनिटं काढून घेतली.

माझ्या वर्गात मी असा हिशेब सांगते. दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ काहीही असेल, म्हणजे फोडी, पनीरचे तुकडे, उकडून कापलेली कोथिंबीर वडी, तर तापमान १० ते १५ अंश खाली आणि वेळ पाव ते एकतृतीयांश कमी. दोन ते चार सेंटिमीटरचं असेल तर २० अंश खाली आणि वेळ जेमतेम दहा-पंधरा टक्के कमी. त्याहून जाड, किंवा डब्यात ओतलेलं काहीही असेल तर २५ ते ३० अंश खाली, वेळेला हात लावायचा नाही आणि वरून झाकायचं. नानकटाईला हा हिशेब सरळ लागू होत नाही, ते पुढे सांगते. तुमच्या नणंदेकडे गेलेल्या ओटीजीला पंखा असेल आणि तो लावूनच तुम्ही आकडे बसवले असतील, तर यातले १० अंश आधीच वजा झालेले आहेत हे लक्षात ठेवा.

आता वही. त्या पिढीच्या वह्यांमध्ये तापमान बहुधा फॅरनहाइटमध्ये असतं, नाहीतर नुसतं ‘मध्यम ओव्हन’. माझ्या आईकडे झाकणाला काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, त्याला तापमानाचा काटाच नव्हता. तिची ‘मध्यम’ ही तिच्या हाताला ठाऊक होती. वहीत ३५० लिहिलं असेल तर ते १७७ अंश सेल्सिअस, ३२५ म्हणजे १६३, ३७५ म्हणजे १९१, ४०० म्हणजे २०४. नुसतं ‘मध्यम’ असेल तर १७५ ते १८० धरा. तुमच्या एअर फ्रायरचा काटा बहुतेक २०० वर थांबतो, त्यामुळे वहीतला ३५० चा आकडा पाहून गोंधळायचं कारण नाही. आधी सेल्सिअस करा, मग वरचा हिशेब लावा. ही दोन पावलं एकदम उरकायला गेलं की चूक होते.

केक

वहीतला केक ८ इंची डब्याचा असणार, चार अंड्यांचा. साडेचार लिटरच्या टोपलीत ८ इंची डबा शिरत नाही, आणि शिरला तरी चालणार नाही, कारण कडेनं हवा खाली जायला चारी बाजूंनी निदान एक बोट जागा हवी. ती नसेल तर बुडाला उष्णताच मिळत नाही. म्हणून ६ इंची डबा घ्या, दोन इंच उंचीचा. तीन इंच उंच डबा नको, त्याची कड कॉइलच्या फार जवळ जाते. ॲल्युमिनियमचा पातळ डबा सगळ्यांत चांगला, बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत सहज मिळतो. काचेचं भांडं तापायला वेळ घेतं, सिलिकॉनच्या साच्यात बूड फिकं राहतं.

साहित्य किती घ्यायचं? डबा गोल असला तरी व्यासांचा वर्ग करून तुलना करता येते. आठ आठे ६४, साही साही ३६. म्हणजे ६ इंची डब्यात ८ इंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त मावतं. तुम्ही मात्र बरोबर निम्मं घ्या: चाराऐवजी दोन अंडी, मैदा, लोणी आणि साखर २००-२०० ग्रॅमऐवजी १००-१०० ग्रॅम. केक किंचित बुटका होईल. तेच आपल्याला हवंय, कारण बुटका केक कॉइलपासून लांब राहतो आणि त्याचा गाभाही लवकर शिजतो. मिश्रण अर्ध्या डब्याच्या वर जाता कामा नये.

दूध घालून मिश्रण सैल करायची सवय असेल तर ते एअर फ्रायरसाठी थोडं घट्ट ठेवा, चमच्यावरून धार न लागता थबथब पडेल इतपत. सैल मिश्रणावर वारा लाटा उठवतो आणि त्या तशाच सेट होतात. एकदा एक विद्यार्थिनी असा केक डब्यासकट घेऊन आली होती. वाळूवर वारा वाहिल्यावर जशा रेघा उमटतात तशा त्याच्या माथ्यावर होत्या, एक बाजू दोन बोटं उंच, दुसरी बसलेली. सुरी घातली तर मधून कच्चं पीठ ओघळलं. चव तिच्या नेहमीच्या केकची होती, तापमानही फार चुकलं नव्हतं. फक्त डबा उघडा होता.

म्हणून झाकायचं, आणि सुरुवातीपासून झाकायचं. रंग आल्यावर वरून फॉइल टाका असं बरेचजण सांगतात, पण तोवर माथ्यावर साल धरलेली असते. साल धरली की आतला केक वर यायला जागा शोधतो आणि मधेच फुटून ज्वालामुखीसारखा उसळतो. फॉइल डब्यावर घुमटासारखी सैल ठेवा, म्हणजे फुगलेला केक तिला चिकटणार नाही. कडा मात्र डब्याच्या काठाखाली करकचून दाबा. सैल कड पंख्याच्या वाऱ्यानं उचलली जाते.

मशीन १५५ वर तीन-चार मिनिटं रिकामं तापवा. डबा ठेवा, झाकून २० मिनिटं. मग फॉइल काढा आणि ८ ते १० मिनिटं उघडं भाजा. विणायची सुई मधोमध घालून बघा, कोरडी यायला हवी. माथा दाबला तर बोटाचा खळगा भरून यावा. सुई ओली आली आणि रंग मात्र पुरेसा आला असेल तर फॉइल परत लावा, तापमान १४५ करा आणि पाच-पाच मिनिटांनी बघा. इथे टोपली उघडायची भीती बाळगू नका. ओटीजीचं दार उघडलं की आतली सगळी गरम हवा निघून जाते आणि केक बसतो, म्हणून आपल्याला न उघडायची शिस्त लागलेली असते. एअर फ्रायर मिनिटाभरात परत तापतो. फक्त पहिली १५ मिनिटं हात लावू नका, तेव्हा केक अजून स्वतःच्या पायावर उभा नसतो.

झाल्यावर डबा लगेच बाहेर काढा. टोपलीचं लोखंड बराच वेळ तापलेलं राहतं आणि त्यात ठेवलेला केक कडेनं वातड होत जातो.

नानकटाई

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, तूप, साखर डब्यांतून घेऊन बेकरीत जायचो आणि भट्टीवर बिस्किटं, नानकटाई भाजून आणायचो. पुण्यात कितीतरी घरांत ही रीत होती. ते काळे पत्रे, पत्र्यावर आपली खूण म्हणून ठेवलेली चिठ्ठी, आणि घरी येईपर्यंत पिशवीतून येणारा तुपाचा वास. भट्टीच्या विटा कितीतरी तास उष्णता धरून ठेवतात. त्या उष्णतेला वारा नसतो, ती सगळीकडून सारखी आणि शांतपणे येते. तुपाच्या पिठाला अशीच आच मानवते. एअर फ्रायरची आच त्याच्या अगदी उलट स्वभावाची असते, त्यामुळे इथे तापमान जाडीच्या हिशेबापेक्षाही खाली न्यावं लागतं.

प्रमाण देते, तुमच्या वहीतलं याच्या आसपासच असेल: मैदा १५० ग्रॅम, बेसन ३०, साजूक तूप १००, पिठीसाखर ९०, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसा, बाकीचं मिसळा, मळू नका. वीस-वीस ग्रॅमचे गोळे करा आणि फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर तूप ओट्यावरच पातळ होतं, तेव्हा अर्धा तास ठेवा.

ओव्हनमध्ये नानकटाई आधी हळूच पसरते आणि मग सेट होते, त्यातून तिच्या त्या भेगा पडतात. एअर फ्रायरमध्ये वारा वरची साल लवकर धरतो, त्यामुळे ती पसरतच नाही, गोळ्याचा गोळा राहतो. म्हणून ठेवण्याआधीच अंगठ्यानं गोळा हलका चपटा करा, कडेला भेगा पडतील इतका. सव्वा सेंटिमीटर जाडी बास.

बुडाचा प्रश्न असा: जाळीवर थेट ठेवली तर तुपाचं पीठ भोकांत उतरतं, जाड ताटली ठेवली तर बुडाला हवा मिळत नाही. मी जाळीवर बटर पेपर घालते, पण तो जाळीपेक्षा सगळीकडून बोटभर लहान कापते आणि त्याला दाभणानं भोकं पाडते. वहीत ३२५ किंवा ३५० असेल तरी १४० वर १४ ते १६ मिनिटं. एका वेळी सहा, फार तर सात. दहाव्या मिनिटाला टोपली फिरवता आली तर फिरवा, मागची बाजू बहुतेक मशीनमध्ये जास्त तापते.

झाली हे ओळखायचं कसं? वरचा रंग बघू नका. वरून ती मोतिया पांढरीच दिसेल, फक्त भेगांच्या काठावर गव्हाळ रेघ उमटलेली असेल. एक उलथून बघा: बूड फिकट बदामी हवं. बूड अजून पांढरं असेल तर सगळ्या हलक्या हातानं उलट्या करा आणि १३० वर दोन-तीन मिनिटं ठेवा. ओव्हनमध्ये आपण हे कधी करत नाही, इथे मात्र फार कामाला येतं. यावेळी नानकटाई दाबली तर दबते, म्हणून कच्ची वाटते. वेळ वाढवू नका. मशीन बंद करा, टोपली अर्धवट बाहेर ओढून पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग उलथन्यानं जाळीच्या स्टँडवर काढा. गार झाली की खुसखुशीत होते. गरम असतानाच कडक लागली, तर गार झाल्यावर दात शिवशिवतील.

बेक्ड डिश

मॅकरोनी-अननसाची बेक्ड डिश आपल्याकडच्या किती वाढदिवसांना असायची! तुमची कोरडी झाली याचं कारण वर आलंच, वारा पाणी ओढून नेतो. शिवाय काचेचं खोल भांडं बुडाकडून तापतच नाही, त्यामुळे मध्यभाग गरम होईपर्यंत वरचं चीज चामड्यासारखं होतं.

दोन बदल करा. व्हाइट सॉस वहीतल्यापेक्षा सैल ठेवा, अर्ध्या लिटर दुधाच्या सॉसला पाव कप दूध जास्त. मॅकरोनी घातल्यावर ते खिरीसारखं सैल वाटायला हवं, कारण मॅकरोनीही सॉस पिते. आणि सगळं मिश्रण गॅसवर चांगलं वाफाळतं गरम करूनच भांड्यात ओता. एअर फ्रायरकडून आपल्याला इथे फक्त वरचा रंग हवाय, आतलं गरम करायचं काम गॅस त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. भांडं उथळ, चार सेंटिमीटरच्या आतलं. फॉइल लावून १६५ वर आठ मिनिटं, मग फॉइल काढून चीज घाला आणि १८० वर चार-पाच मिनिटं. किसलेलं चीज हातानं दाबून बसवा. वरून ब्रेडचा चुरा घालत असाल तर तो आधी वितळलेल्या लोण्यात चोळून घ्या. कोरडा चुरा उडून थेट कॉइलवर जातो.

अननसाच्या फोडी मात्र पाक निथळून, पुसून घाला. हे ओव्हनमध्येही करायलाच हवं.

बाकीचं

भाज्यांबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला जमलंच आहे. एकच सांगते: बटाटा शीतगृहातला किंवा फ्रिजमधला असेल तर त्यात स्टार्चची साखर झालेली असते, तो आत शिजायच्या आत लाल होतो. फोडी अर्धा तास पाण्यात ठेवा, कोरड्या पुसा आणि १० अंश आणखी खाली भाजा. लाल तिखट, लसूण, तीळ हे सुरुवातीला नुसते भुरभुरू नका. तिखट तेलात किंवा दह्यात कालवून लावा, लसूण शेवटच्या तीन-चार मिनिटांत.

ओल्या पिठाचं काहीही यात होत नाही. कांदाभजी, बटाटेवडा यांना कढईच हवी. पीठ जाळीतून गळतं, उरलेलं वाऱ्यानं एका बाजूला ढकललं जातं. चकली होते, पण दडस होते, मी तरी करत नाही. पातळ पोहे तर अक्षरशः उडतात. अळूवडी मात्र उकडून, काप करून, दोन्ही बाजूंना ब्रशनं तेल लावून १८० वर १२ मिनिटं ठेवून बघा. मी आता घरी ती तळतच नाही.

मांसाहारी करत असाल तर चिकनच्या जाड तुकड्याचा गाभा ७४ अंशांपर्यंत जायला हवा. टोचून बघायचा थर्मामीटर घ्या, रंगावर जाऊ नका. एअर फ्रायरमध्ये बाहेरचा रंग फार लवकर येतो, आत हाडाशी कच्चं राहतं. चरबी गळून धूर होत असेल तर जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला.

काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मशीन १५५ म्हणतं तेव्हा आत १४० ही असू शकतं आणि १७० ही. ओव्हनचा छोटा थर्मामीटर मिळाला तर उत्तम. नाहीतर साधा उपाय: जाळीवर ब्रेडचे तुकडे एकाला एक लावून बसवा, हलणार नाहीत असे, आणि १६० वर पाच-सहा मिनिटं ठेवा. कुठला कोपरा आधी लाल होतो, कुठला पांढरा राहतो, ते लगेच दिसतं. माझ्या मशीनची उजवी मागची बाजू तेज आहे. ते कळल्यापासून मी डबा अर्ध्या वेळेनंतर फिरवते.

बटर पेपरबद्दल कळकळीनं सांगते. काही वर्षांपूर्वी मी रिकाम्या टोपलीत नुसता कागद घालून मशीन तापायला लावलं. कागद वर उडाला, कॉइलला चिकटला आणि जळायला लागला. मी आधी बटण बंद करून प्लग काढला आणि टोपली न उघडता थांबले, म्हणून तिथेच निभावलं. उघडली असती तर ताजी हवा मिळून आग वाढली असती. कागद किंवा फॉइल कधीच रिकामी तापवायची नाही, वर पदार्थाचं वजन हवंच.

आणि प्लग. तुमचं मशीन १५०० वॉटचं असेल तर २३० व्होल्टला ते साडेसहा अँपिअर घेतं. आपला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मशीन गीझर-ओव्हनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. पेठांतल्या जुन्या इमारतींमध्ये वायरिंगही जुनं असतं, तिथे तर हे पाळाच. मशीनच्या मागे वीतभर जागा सोडा, वाफ तिकडूनच बाहेर पडते.

कोटिंगवर तेलाचा डबाबंद स्प्रे मारू नका, त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर बसतो तो निघत नाही. साधं तेल आणि ब्रश पुरतो.

पंचाहत्तरीला दोन आठवडे आहेत म्हणालात, तेवढे पुरेसे आहेत. उद्या ब्रेडची चाचणी करा. मग नानकटाईचं पीठ करून फक्त तीन भाजा, बाकीचे गोळे फ्रिजमध्ये ठेवा. तीन चाखा, तापमान पाच-दहा अंश वर-खाली करा, पुन्हा तीन. या शनिवारी निम्म्या मापाचा केक. बेक्ड डिश आयत्या वेळी केली तरी चालेल, तिच्यात बिघडण्यासारखं आता फार उरलेलं नाही. मोठ्या केकसाठी ८ इंचीचा हट्ट धरू नका, ६ इंचीचे दोन करून एकावर एक ठेवा. पहिला भाजला जात असताना दुसऱ्याचं मिश्रण तयार करून ठेवायचं नाही, बेकिंग पावडरचा जोर उतरतो. दुसऱ्याची अंडी पहिला केक बाहेर आल्यावरच फोडा.

आणि सासूबाईंच्या वहीत त्यांच्या अक्षराच्या बाजूला, समासात, पेन्सिलीनं लिहून ठेवा: एअर फ्रायर, ६ इंची, निम्मं माप, १५५, झाकून २०, उघडून ९.